अल्पखर्ची मोबाइल ॲप : वऱ्हाडच्या व्यापाराला नवे साधन

वऱ्हाडचा व्यापार कापसावर उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे. तो खात्रीलायक माहितीच्या आधारावरही उभा राहिला, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. कारंजा (लाड) येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजाराची सुरुवात झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. देशातील नियंत्रित बाजारांच्या इतिहासात या दोन्ही घटनांना आद्य स्थान आहे. बाजाराची जागा निश्चित असावी, दलाल व मापारी यांना परवाना असावा, वजनमापांची तपासणी व्हावी आणि या सर्वांवर एका समितीची देखरेख असावी, हे त्या व्यवस्थेचे सार होते. माल विकणाऱ्याला आपल्या मालाचे वजन, भाव आणि कपात स्पष्टपणे कळावी, हा त्यामागील हेतू. पुढे १९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन कायद्याने हेच सूत्र राज्यभर नेले.

आज अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बहुसंख्य शेतकऱ्यांच्या कुटुंबात मोबाइल आहे. यास्तव, जे काम त्या काळी बाजार समितीच्या फलकाने व काट्याने केले, त्याचा काही भाग आता मोबाइलवरील एखाद्या लहानशा ॲपद्वारे करता येईल काय, असा प्रश्न उपस्थित होतो. जिनिंग कारखाना, डाळ मिल, कृषि सेवा केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गावची सेवा सहकारी सोसायटी यांना आपल्या ग्राहकांसाठी असे ॲप कमी खर्चात तयार करता येते. मात्र ते कशासाठी करावयाचे, हे आधी ठरले नाही तर तो खर्च वाया जातो.

वारणेचा अनुभव

या संदर्भात महाराष्ट्रातील एक उदाहरण बोधप्रद आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात १९९८ मध्ये केंद्र व राज्य शासनाच्या साहाय्याने सुमारे ७० गावांसाठी एक प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उघडून ती सहकारी साखर कारखान्याच्या कारभाराशी जोडण्यात आली. शिक्षण, आरोग्य, बाजारभाव अशा अनेक सेवा या केंद्रांतून मिळाव्यात, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग ऊस उत्पादक आणि कारखाना यांच्यातील दैनंदिन नोंदींसाठी, म्हणजे उसाचे वजन, खताची उचल अशा बाबींसाठी होत राहिला.

बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी ही बाब हेरली. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि लघुसंदेश, म्हणजेच एसएमएस, यांवर चालणारी पद्धत आठ महिने राबवून पाहिली. तिचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावर होणारे सर्व काम मोबाइलवर होऊ शकले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली, असे त्यात नमूद आहे. ही पद्धत यशस्वी झाली ती ग्राहक कोणती माहिती वारंवार विचारतो हे पाहून केवळ तेवढीच सेवा दिल्यामुळे.

केरळच्या किनाऱ्यावरील अनुभवही याच दिशेचा आहे. तेथे १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा पोहोचली. मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांवरील भाव विचारू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, ग्राहकांना मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली आणि न विकली गेल्याने मासळी फेकून देण्याची वेळ जवळपास संपली. त्या वेळी ॲप नावाची वस्तूच नव्हती. योग्य वेळी मिळालेली माहिती हेच तेथील खरे भांडवल होते.

एक फेरी वाचविणे

आता वऱ्हाडातील कापसाचा विचार करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाची ७,७१० रुपये ठरविण्यात आली. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत पूर्ण दर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे किमतीत एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास माल स्वीकारला जात नाही. म्हणजे १० टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे १६२ रुपये २० पैसे कमी मिळतात. पंधरा क्विंटलांच्या गाडीवर ही रक्कम २,४३३ रुपये होते. परत आलेल्या गाडीचे भाडे, हमाली आणि वाया गेलेला दिवस यांचा हिशेब वेगळाच.

हा नियम आणि वेचणीनंतर कापूस किती वाळवावा याची सूचना गाडी भरण्यापूर्वी शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली, तर एवढ्या एका निरोपाने एक फेरी वाचू शकते. ॲपमुळे ग्राहकाच्या पदरी किती भर पडली, हे मोजण्याचे याहून सोपे माप नाही. त्याच्या किती फेऱ्या, किती तास आणि किती रुपये वाचले, एवढे पाहावे.

याच हंगामासाठी महामंडळाने ‘कपास किसान’ हे ॲप आणले. शेतकऱ्याने आधार व जमिनीच्या नोंदींच्या साहाय्याने नाव नोंदवावे आणि खरेदी केंद्रावर येण्याचा दिवस आधीच राखून ठेवावा, अशी ही योजना होती. केंद्राबाहेरील रांग कमी करणे हा तिचा हेतू स्तुत्य होता. तथापि, नोंदणीची मुदत वाढवावी लागली. कागदपत्रे जोडणे, पीकनोंद जुळणे, संकेतांक येणे यांपैकी कोणतीही पायरी अडली तर केंद्राबाहेरची रांग मोबाइल दुकानाबाहेर लागते, याकडे नियोजन करणाऱ्यांनी लक्ष देणे अगत्याचे आहे. ॲपसोबत गावात मदत करणारी एक व्यक्ती हवीच. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही शेतकऱ्यांच्या मदतीसाठी गावपातळीवर साहाय्यकांची गरज भासली, हे महसूल विभागातील कर्मचारी जाणतात.

कोणाला काय हवे?

प्रत्येक व्यवसायाच्या ग्राहकाची गरज निराळी असते. जिनिंग कारखान्याचे ग्राहक दोन प्रकारचे. कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला आजचा भाव, काट्यावरील वजन, कपात आणि पैसे जमा होण्याची तारीख हवी असते. रुई घेणाऱ्या सूतगिरणीला १७० किलोच्या प्रत्येक गाठीचा क्रमांक, धाग्याची लांबी, जाडी, ओलावा व कचरा यांची माहिती हवी असते. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या उपक्रमात गाठीवर क्यूआर संकेत लावून तिचा उगम शोधता येण्याची सोय करण्यात आली आहे. यापुढे चांगला भाव मागणाऱ्या कारखान्याला गाठीबरोबर तिची माहितीही द्यावी लागेल, असा याचा अर्थ आहे.

अकोल्यातील डाळ मिलच्या घाऊक ग्राहकाला मालाची तयारी, ट्रक निघाल्याची वेळ आणि बाकी रक्कम कळली की त्याचे निम्मे दूरध्वनी वाचतात. वरुड-मोर्शी भागातील संत्रा बागायतदारांच्या कंपनीला तोडणीची पाळी व प्रतवारी सभासदांना कळविता आली पाहिजे. खारपाणपट्ट्यातील कृषि सेवा केंद्राला आपल्या ग्राहकांनी कोणते बियाणे, कोणत्या गटाचे व केव्हा नेले, याची पावती त्यांच्या मोबाइलवर ठेवता येईल. उगवणीची तक्रार झाल्यास हीच पावती पुरावा ठरते.

या यादीतील सर्व कामे एकाच ॲपमध्ये कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिल्या वर्षी एकच काम घ्यावे आणि ते बिनचूक करावे. खर्च आटोक्यात ठेवण्याचा हा पहिला आणि सर्वांत प्रभावी उपाय आहे.

तीन पायऱ्या

पहिली पायरी निरोपाची. व्हॉट्सॲप बिझनेस हे लहान व्यावसायिकांसाठीचे मोफत ॲप २०१८ मध्ये आले. त्यात मालाची यादी, ठराविक उत्तरे आणि ग्राहकांचे गट ठेवता येतात. ज्या दुकानाचे दोन-तीनशे ग्राहक आहेत, त्याला एवढ्यावर वर्षभर काम चालवून आपल्या ग्राहकांची खरी गरज ओळखता येते. साधा मोबाइल वापरणाऱ्यांसाठी लघुसंदेश आहेच. व्यापारी संदेश पाठविण्यासाठी मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रेषकाचे नाव व संदेशाचा मसुदा आधी नोंदवावा लागतो.

येथे मराठीचा एक तांत्रिक तपशील खर्चाशी निगडित आहे. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० चिन्हे बसतात, तर देवनागरीतील संदेशात केवळ ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘क्विं’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण यंत्राच्या मोजणीत ती पाच चिन्हे होतात. मसुदा लांबला की एका संदेशाचे दोन होतात आणि खर्च दुप्पट. ‘वजन १२.४० क्विं. भाव ७५०० रु. पावती ३१८’ हा नमुना ४० चिन्हांच्या आत बसतो आणि ग्राहकाला हवे ते सर्व सांगतो. मराठीत लिहावे, पण तारेच्या भाषेसारखे मोजके लिहावे.

दुसरी पायरी मोबाइलवर ॲपसारखे चालणाऱ्या संकेतस्थळाची. ते दुकानातून उतरवून घ्यावे लागत नाही. दुवा उघडला की चालते आणि त्याचे चिन्ह मोबाइलच्या पडद्यावर ठेवता येते. एकदाच तयार करून ते सर्व प्रकारच्या मोबाइलवर वापरता येते, बदल केल्यास सर्वांना तत्काळ दिसतो आणि जागाही कमी लागते. भाव, पाळी, हिशोबपट्टी व बाकी दाखविण्यासाठी बहुतेक संस्थांना एवढे पुरेसे आहे.

तिसरी पायरी स्वतंत्र ॲपची. छायाचित्र घेणे, स्थान नोंदविणे, दीर्घकाळ संपर्काविना काम करणे अशी गरज असेल तरच या पायरीवर यावे. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांसारखी साधने मोफत उपलब्ध असून त्यांत एकाच लेखनातून अँड्रॉइड व आयफोन दोहोंसाठी ॲप तयार होते. गूगलच्या दुकानात ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर नोंदणी शुल्क द्यावे लागते, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्यावरून गूगलच्या दुकानात ॲप ठेवावयाचे असल्यास आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेण्याची अट आहे. या चाचणीसाठी प्रत्यक्ष शेतकरी व हमाल-मापारी निवडले, तर अटीची पूर्तता होते आणि दोषही कळतात.

ॲप बनविण्याच्या खर्चापेक्षा ते चालू ठेवण्याचा खर्च अनेकदा जड जातो. मोबाइलची प्रणाली दरवर्षी बदलते आणि त्यानुसार ॲपही अद्ययावत करावे लागते. माहिती साठविण्याचे भाडे, संदेशांचा खर्च आणि दररोज भाव भरणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ यांची तरतूद पहिल्याच दिवशी करावी. आठ दिवसांपूर्वीचा भाव दाखविणारे ॲप ग्राहक पुन्हा उघडत नाही.

पैशाच्या देवघेवीसाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याला द्यावा लागणारा दर १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आला. साध्या मोबाइलधारकांसाठी मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३ पे ही सोय जाहीर केली. सर्वांत साध्या उपकरणाच्या ग्राहकालाही सेवेत सामावून घेण्याचे हे तत्त्व प्रत्येक संस्थेने अंगीकारावे.

संपर्क नसताना

अमरावती व अकोला शहरांत ॲप सुरळीत चालले, म्हणजे ते धारणी व चिखलदरा तालुक्यांतही चालेल, असे नव्हे. मेळघाटातील हरिसाल या गावी २०१६ मध्ये डिजिटल ग्राम म्हणून उपक्रम सुरू झाला, तेव्हा गावापर्यंत संपर्क पोहोचविणे हाच त्यातील मुख्य प्रश्न होता. म्हणून नोंद आधी मोबाइलमध्येच साठावी आणि संपर्क मिळताच पुढे जावी, अशी रचना ठेवावी. लहान माहितीकोश मोबाइलमध्येच ठेवणारी एसक्यूलाइट ही मोफत प्रणाली त्यासाठी पुरेशी आहे. कोरकू बोलणाऱ्या ग्राहकाला लिखित मराठीपेक्षा चित्र व ध्वनिमुद्रित सूचना अधिक उपयोगी पडतील. अक्षरे मोठी, अंक ठळक आणि शब्द बाजारातले असावेत. ‘व्यवहार तपशील’ याऐवजी ‘हिशोबपट्टी’ म्हटले की शेतकऱ्याला विचारावे लागत नाही.

माहिती कोणाची?

ग्राहकाचे नाव, मोबाइल क्रमांक, जमीन व उत्पन्न यांची नोंद ही त्याची खाजगी माहिती होय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. माहिती कशासाठी घेतली जाते हे स्पष्ट शब्दांत सांगून संमती घ्यावी आणि ही सूचना आठव्या परिशिष्टातील भाषांत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध असावी, असे या कायद्याचे धोरण आहे. ज्या कामासाठी आधार क्रमांक लागत नाही, तेथे तो मागूच नये.

संस्थांनीही सावध राहणे इष्ट आहे. ॲप तयार करून देणाऱ्याशी लेखी करार करावा. ॲपचे मूळ लेखन, दुकानातील खाते, संकेतस्थळाचे नाव आणि ग्राहकांची माहिती संस्थेच्या मालकीची राहील, हे त्यात नमूद असावे. अन्यथा तंत्रज्ञ दुसऱ्या गावी गेला की ॲप बंद पडते आणि सभासदांची यादी मात्र कोणाच्या तरी हाती राहते. पूर्वी शेतकऱ्याचा हिशेब केवळ अडत्याच्या वहीत असे. ती वही आता मोबाइलमध्ये आली, पण शेतकऱ्याला उघडता येत नसेल, तर त्याची स्थिती बदलली असे म्हणता येणार नाही. प्रत्येक नोंदीची प्रत ग्राहकाच्या हाती पडली पाहिजे.

आपण काय करावे?

या कामी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा मोठा आहे. सहकार व पणन विभागाच्या अधिकाऱ्यांनी संस्थांना ॲपची सक्ती करण्याऐवजी त्यांच्या ग्राहकांच्या फेऱ्यांची एक साधी नोंद ठेवावयास सांगावे. महिनाभर कोण, कशासाठी व किती वेळा आला, हे लिहिले की पहिले काम कोणते घ्यावे हे आपोआप ठरेल. प्राथमिक कृषि सहकारी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये, सुमारे ६३,००० संस्थांसाठी २,५१६ कोटी रुपयांच्या तरतुदीसह, मंजूर केली. ज्या सोसायट्यांचे हिशेब या योजनेतून संगणकावर आले आहेत, त्यांना सभासदाला त्याची बाकी मोबाइलवर कळविणे ही पुढची स्वाभाविक पायरी आहे.

तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये अमरावती व अकोला येथे आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावाच लागतो. तो कपाटात ठेवण्यासाठी न करता जवळच्या एखाद्या जिनिंगसाठी किंवा शेतकरी कंपनीसाठी केला, तर दोघांचेही हित साधेल. अट एवढीच की विद्यार्थी बाहेर पडल्यावर ॲपची देखभाल कोण करील, हे शिक्षकांनी आधी ठरवावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या शिफारशी अशा ॲपमधून देताना त्या मूळ स्वरूपात व तारखेसह द्याव्यात.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावात संपर्क कोठे मिळतो, किती कुटुंबांकडे साधा मोबाइल आहे आणि किती महिला शेतकऱ्यांच्या नावे स्वतःचा क्रमांक आहे, एवढी माहिती जमवावी. अनेकदा सातबारा एकाच्या नावे आणि मोबाइल दुसऱ्याच्या हाती असतो. विधवा किंवा एकट्या शेतकरी स्त्रीचा निरोप भलत्याच्या हाती पडला, तर ॲप असूनही ती माहितीपासून वंचित राहते.

कारंजाच्या बाजारात शेतकऱ्याचा माल उघड्यावर, नियमाने मोजला जावा, यासाठी शतकापूर्वी प्रयत्न झाले. त्या प्रयत्नांना यश आले ते वजन आणि भाव ही व्यापाऱ्याची खाजगी बाब न राहता सर्वांसमोर मांडण्याची बाब ठरली म्हणून. अल्पखर्ची ॲपची कसोटीही तीच आहे. कापसाची गाडी भरण्यापूर्वी शेतकऱ्याला भाव, पाळी व ओलाव्याची मर्यादा कळली आणि घरी परतण्यापूर्वी वजनाची पावती त्याच्या हाती आली, तर ज्या संस्थेने हे घडविले तिच्याकडे तो पुढील हंगामातही आपला माल घेऊन येईल.